सहकाऱ्याला आपल्या तासाला बसवताना

कॉलेजात शिकवायला लागल्यावर एक गोष्ट लवकरच खटकते. आपला शोधनिबंध चार जण तपासतात, पण आपलं शिकवणं दुसरा शिक्षक क्वचितच पाहतो. पीअर कोचिंगमध्ये आपल्या बरोबरीचा एक सहकारी तासाला येऊन बसतो, आपणही त्याच्या तासाला जातो आणि दोघं मिळून शिकवणं सुधारतात. नव्याने रुजू झालेल्यांना मी हे पहिल्याच सत्रात सुरू करायला सांगते, कारण सवयी अजून पक्क्या झालेल्या नसतात.

आधी बोलायचं, मग तास पाहायचा, मग पुन्हा बोलायचं, एवढीच याची रीत. बहुतेक जण आधीचं बोलणं गाळतात, आणि खरी मेख तिथेच आहे. 'या, तास कसा होतो ते सांगा' असं म्हटलंत तर 'छान झाला' एवढंच ऐकायला मिळेल. नेमका प्रश्न द्या. उदाहरणार्थ, प्रश्न विचारल्यावर मी किती वेळ थांबते? अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं होतं की शिक्षक सरासरी १ सेकंदच थांबतात. तो वेळ ३ सेकंदांवर गेला की उत्तरं लांब होतात आणि जास्त विद्यार्थी बोलू लागतात.

माझ्या एका सहकाऱ्याची तक्रार होती की त्याच्या वर्गात कोणी तोंडच उघडत नाही. मी मागच्या बाकावर बसून त्याच्या प्रत्येक प्रश्नापुढे सेकंद लिहीत गेले, आणि उत्तर कोणी दिलं तेही. तास संपल्यावर कागद त्याच्यापुढे ठेवला. तो वाचून तोच म्हणाला, "अरे, बहुतेक उत्तरं मीच देतोय!" पुढच्या तासापासून तो प्रश्न फळ्यावर लिहून मिनिटभर वहीत उत्तर लिहायला सांगू लागला. मुलं लिहीत असली की शांततेचं दडपण येत नाही, आणि लिहिलेलं वाचून दाखवायला लाजरी मुलंही तयार होतात.

नोंदी घेताना शेरे मारू नका. 'समजावणं गोंधळाचं होतं' हे मत झालं. 'सूत्र मांडल्यावर तिघांनी शेजाऱ्याच्या वहीत डोकावलं' ही नोंद. सुरुवातीला काय टिपावं ते सुचत नसेल, तर २०१३ साली विज्ञानाच्या वर्गांसाठी प्रसिद्ध झालेला कोपस (COPUS) हा वर्गनिरीक्षणाचा तक्ता वापरून पाहा. त्यात दर २ मिनिटांना शिक्षक काय करतोय आणि विद्यार्थी काय करताहेत, एवढंच नोंदवायचं असतं.

पाहणाऱ्याने अभिप्राय द्यावा का? अमेरिकी शिक्षणसंशोधक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पीअर कोचिंगची पद्धत शाळाशिक्षकांमध्ये रुजवली. १९९६ साली त्यांनीच लिहिलं की तोंडी अभिप्राय त्यांनी वगळला आहे, कारण तो सुरू झाला की सहकारी नकळत तपासनीस होतो. त्यांच्या मते शिकवणारा कोच असतो आणि पाहणारा शिकत असतो. मी इतकी कडक नाही. समोरच्याने आधी स्वतःचं सांगावं आणि विचारलं तरच आपण बोलावं, असं मला वाटतं. पण पाहणारा जास्त शिकतो, हे मात्र अगदी खरं.

जोडीदार शक्यतो दुसऱ्या विभागातला घ्या. विषय माहीत नसलेला माणूस विद्यार्थ्यासारखाच अडतो, आणि कुठे अडला ते नेमकं सांगू शकतो. आशय बरोबर आहे का हे मात्र आपल्याच विषयातला माणूस सांगेल. वर्गालाही आधी सांगून ठेवा की पाहुणे तुम्हाला तपासायला आलेले नाहीत.

आणि एका बाबतीत तडजोड नको. बढती किंवा मूल्यमापनाच्या फाइलशी याचा संबंध येऊ देऊ नका. ज्याचा तास पाहिला, नोंदींचा कागद त्याचाच. विभागप्रमुखांनी मागितला तर द्यायचा की नाही, हेही त्यानेच ठरवायचं. हे आधीच स्पष्ट नसेल तर लोक ठेवणीतला, घोटून बसवलेला तास दाखवतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

नंतरचं बोलणं एक-दोन दिवसांत उरका. एकच बदल ठरवा आणि उठण्यापूर्वी पुढच्या तासाची तारीख पक्की करा. त्या तासाला तोच प्रश्न पुन्हा मोजायचा.