कार-टी उपचारासाठी मुंबईला निघण्यापूर्वी: नागपूरच्या कुटुंबांसाठी मार्गदर्शन

रुग्णाच्या रक्तातील टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढून घ्यायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात कर्करोगाची पेशी ओळखणारा जनुक घालायचा, त्यांची संख्या वाढवायची आणि त्या पुन्हा शिरेतून त्याच रुग्णाला द्यायच्या, असा हा उपचार आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या संशोधनातून तयार झालेल्या 'नेक्सकार१९'ला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली आणि तेव्हापासून भारतीय रुग्णासाठी परदेशाची वाट धरणे अपरिहार्य राहिले नाही.

प्रथम हा उपचार आपल्या आजारासाठी आहे का, हे निश्चित करावे. तो बी पेशींच्या (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) लिम्फोमासाठी आणि ल्युकेमियासाठी, म्हणजे लसिका ग्रंथींच्या व रक्ताच्या कर्करोगासाठी आहे, तोही नेहमीच्या उपचारांनंतर आजार उलटला असेल किंवा औषधांना दादच देत नसेल तेव्हा. या टी पेशी सीडी१९ नावाच्या खुणेवर हल्ला करतात. ती खूण निरोगी बी पेशींवरही असते, परंतु बी पेशी नष्ट झाल्या तरी माणूस जगू शकतो. खर्र्यामुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण विदर्भात घरोघरी आहेत आणि त्यांचे नातेवाईक या उपचाराची चौकशी मोठ्या आशेने करतात. मात्र त्या गाठींसाठी अशी सुरक्षित खूण अद्याप हाती आलेली नसल्याने हा मंजूर उपचार त्यांना लागू होत नाही. कोणी 'रोगप्रतिकारक पेशी वाढवून देतो' असे सांगून पैसे मागत असेल, तर औषध नियंत्रकांची मंजुरी किंवा वैद्यकीय चाचणीचा सीटीआरआय (भारतातील चाचण्यांची अधिकृत नोंदवही) नोंदणी क्रमांक लेखी मागावा, आणि तो मिळेपर्यंत एक रुपयाही देऊ नये.

यानंतरचा प्रश्न वेळेचा आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक नुकसान इथेच होते. औषध रुग्णाच्याच पेशींपासून बनणार असल्याने, वारंवारच्या केमोने त्या पेशी थकलेल्या किंवा संख्येने कमी झालेल्या असतील तर प्रयोगशाळेला उत्तम माल मिळत नाही. बेंडामस्टिन हे लिम्फोमाचे औषध पेशी काढण्याआधी नुकतेच दिलेले असेल तर टी पेशींवर त्याचा विशेष विपरीत परिणाम होतो. स्टेरॉइडही त्यांना दुबळे करते. म्हणून आजार पहिल्यांदा उलटताच, केमोची पुढची फेरी ठरण्याआधी, 'आम्हाला कार-टी केंद्राचे मत घ्यायचे आहे' असे नागपुरातील आपल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. चालू औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

फाइलमध्ये सर्व केमोच्या तारखा व औषधांची नावे, पेट स्कॅनची सीडी आणि हृदयाच्या इकोचा रिपोर्ट ठेवावा. बायोप्सीचा केवळ रिपोर्ट पुरत नाही. मूळ ब्लॉक (मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड पॅथॉलॉजीतून मागून घ्याव्यात. खर्च तिसेक लाखांच्या पुढे जातो. म्हणून लेखी अंदाजपत्रक घेताना त्यात आयसीयू आणि दुष्परिणाम आटोक्यात आणणारे टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन धरले आहे का, हे विचारावे.

पेशी काढण्याची पद्धत प्लेटलेट दानासारखी असते. यंत्रातून रक्त फिरते, पांढऱ्या पेशी वेगळ्या होतात आणि बाकीचे रक्त शरीरात परत जाते. यात काही तास जातात. पेशी तयार होऊन त्यांची तपासणी पूर्ण होईपर्यंत काही आठवडे लागतात, आणि तेवढ्यात आजार वाढू नये म्हणून मधले औषध द्यावे लागू शकते. पेशी देण्याआधी फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइडची छोटी केमो होते, जेणेकरून नव्या पेशींना शरीरात वाढायला जागा मिळावी.

पेशी दिल्यानंतरचा साधारण पहिला महिना केंद्राजवळच राहावे. नागपूरचा रात्रभराचा प्रवास या काळात परवडणारा नाही, त्यामुळे राहण्याची सोय आधीच पाहून ठेवावी. या दिवसांत तीव्र ताप, रक्तदाब उतरणे किंवा ऑक्सिजन कमी होणे ही पेशी जोमाने कामाला लागल्याची, पण धोकादायक ठरू शकणारी लक्षणे असतात आणि त्यांवर टोसिलिझुमॅब दिले जाते. मेंदूवरील परिणाम सुरुवातीला सूक्ष्म असतो. रुग्णाकडून रोज एक मराठी वाक्य लिहून घ्यावे आणि शंभरापासून दहा-दहा कमी करत उलटे अंक म्हणवून घ्यावेत. अक्षर बिघडले किंवा शब्द सापडेनासे झाले तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता तत्काळ नर्सला सांगावे. हे काम सोबतच्या माणसाइतके चांगले दुसरे कोणी करू शकत नाही, कारण रुग्णाचे नेहमीचे बोलणे त्यालाच ठाऊक असते.

घरी परतल्यावरही पांढऱ्या पेशी कित्येक आठवडे कमी राहू शकतात आणि प्रतिपिंडे घटल्यास इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे, द्यावे लागते. नागपुरात रक्त चढवण्याची वेळ आली तर फ्लुडाराबिन दिले गेल्याचे रक्तपेढीला सांगून इरॅडिएट केलेलेच (किरणोत्सर्गाची प्रक्रिया केलेले) रक्त मागावे. मे महिन्यात ताप आला की ऊन लागले असे समजून कांद्याचा रस आणि पन्हे देण्याची आपल्याकडे रीत आहे. या रुग्णाच्या बाबतीत तसे मुळीच करू नये. ताप १००.४ फॅरनहाइटला पोहोचताच, रात्र असली तरी, त्याला रुग्णालयात न्यावे आणि कार-टी केंद्राला फोन करावा.