मराठवाड्यातून परकीय भाषेची पदवी: तयारी कशी करावी

बारावीनंतर जर्मन, जपानी, रशियन किंवा चिनी भाषेतच बी.ए. (ऑनर्स) करता येते, ही माहिती हिंगोली, बीड, धाराशिवच्या अनेक विद्यार्थ्यांपर्यंत वेळेत पोहोचत नाही, याची मनापासून खंत वाटते. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ या केंद्रीय विद्यापीठांत असे अभ्यासक्रम आहेत. प्रथम वर्षाचे शिक्षण मुळाक्षरांपासून सुरू होते. नांदेडकरांना तर हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ आहे.

जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा प्रवेश 2022 पासून सीयूईटी या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो आणि तिची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. अर्ज भरण्याची मुदत बहुधा बारावीच्या परीक्षेच्या आसपासच येते, त्यामुळे कागदपत्रे दिवाळीनंतर लगेच जमवावीत. ओबीसी विद्यार्थ्यांनी नॉन-क्रीमीलेयर दाखला केंद्राच्या नमुन्यातच काढून घ्यावा. राज्याचा दाखला तेथे चालत नाही आणि ऐनवेळी सेतू केंद्रात धावपळ होते. कोणत्या भाषेसाठी कोणते विषय द्यायचे, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच पाहावे.

इंग्रजी कच्चे आहे म्हणून माघार घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. वर्गात इंग्रजी लागते आणि ते सुधारावेच लागते, परंतु नव्या भाषेची रचना समजून घेताना मराठीचा आधार पुष्कळदा अधिक उपयोगी पडतो. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नामाचा वाक्यातील संबंध त्याच्या मागून जोडलेल्या अव्ययांनी दाखवला जातो, जसा आपण ‘ला’, ‘ने’, ‘त’ लावून दाखवतो. जर्मनमध्ये मराठीप्रमाणे तीन लिंगे आहेत, चार विभक्ती आहेत आणि गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते. मात्र दोन्ही भाषांतील लिंगे एकमेकांशी जुळतीलच असे नाही, म्हणून प्रत्येक जर्मन नाम पहिल्या दिवसापासून त्याच्या उपपदासह (लिंग दाखवणाऱ्या der, die, das या शब्दासह) पाठ करावे. व्याकरणाची टिपणे मराठीत काढावीत; शब्दांची वही मात्र उदाहरणवाक्यांसह त्या भाषेतच ठेवावी.

पदवीच्या जोडीला जर्मनसाठी ए1 (प्राथमिक) ते सी2 (सर्वोच्च) या पातळ्यांपैकी किमान बी2, किंवा जपानीसाठी जेएलपीटी या जपानी प्रावीण्य परीक्षेची (एन5 सर्वांत सोपी, एन1 सर्वांत अवघड) एन3 अथवा एन2 पातळी गाठण्याचे ठरवावे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्यातील परदेशी कंपन्या असोत वा पुण्यातील भाषांतर संस्था, नोकरीच्या वेळी गुणपत्रिकेइतकेच या पातळीचे प्रमाणपत्रही विचारले जाते.