इंग्लंडमधला पार्किंगचा दंड: भरण्याआधी आणि भांडण्याआधी या चुका टाळा

इंग्लंडमध्ये रस्त्यावरच्या पार्किंगचा दंड बहुतेक ठिकाणी पोलीस करत नाहीत, कौन्सिल म्हणजे तिथली स्थानिक पालिका करते. त्यासाठी तिने त्या रस्त्यापुरता रीतसर आदेश आधी काढलेला असावा लागतो. 1984 च्या रोड ट्रॅफिक रेग्युलेशन ॲक्टखाली निघणारा हा आदेश म्हणजे ट्रॅफिक रेग्युलेशन ऑर्डर, बोलताना सगळे टीआरओ म्हणतात. खरा नियम त्या कागदात असतो. रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ आणि खांबावरची पाटी तो नियम आपल्याला कळवण्यासाठी असतात. आपली बरीच मंडळी हा कागद न बघताच भांडायला जातात आणि हरतात.

‘रेघेजवळ पाटीच नव्हती’ असं लिहून पाठवणं

सर्वांत जास्त फसगत इथे होते. दुहेरी पिवळ्या रेघेला वेळेची पाटी लागतच नाही. तिथे चोवीस तास मनाई. एकेरी रेघेला पाटी लागते, पण तो भाग कंट्रोल्ड पार्किंग झोनमध्ये, म्हणजे सगळीकडे सारखीच मनाईची वेळ असलेल्या ठरावीक पट्ट्यात असेल तर वेळ फक्त झोनच्या वेशीवरच्या मोठ्या पाट्यांवर लिहिलेली असते. आतल्या गल्लीत वेगळी वेळ असेल तरच तिथे पाटी लावतात. म्हणजे तुम्ही दोन वळणं मागे, सिग्नलच्या नादात, जी पाटी ओलांडून आलात तीच लागू. तेव्हा गाडीचा फोटो काढून थांबू नका. ज्या रस्त्याने आत शिरलात तिथपर्यंत चालत जा आणि वेशीवरच्या पाटीचाही फोटो घ्या. ती झाडीत बुडाली असेल किंवा उलटी फिरली असेल, तर मुद्दा तिथे आहे.

पाटीवर वार लिहिलेले नसतील तर रविवार आणि बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी) सुद्धा धरायचा. ‘आज सुट्टी आहे, कोण बघतंय’ हा हिशेब इथे महागात पडतो.

रेघ पुसट आहे म्हणून दंड रद्द होईल असं समजणं

रेघेच्या टोकाला आडवी दांडी नाही, मध्येच रंग उडालाय, अशी पत्रं कौन्सिलकडे ढिगाने जातात. सन्डरलंडच्या एका प्रकरणात 2011 मध्ये अपील न्यायालयाने असा युक्तिवाद फेटाळला. खुणांमधल्या किरकोळ त्रुटींमुळे आख्खा झोन बेकायदा ठरत नाही. चालकाला मनाई पुरेशी कळत होती का, एवढंच बघितलं जातं. मात्र पाटीवरची वेळ एक आणि आदेशातली दुसरी, किंवा आदेश संपतो त्याच्या पलीकडे रेघ ओढलेली, असं निघालं तर तुमची बाजू भक्कम.

टीआरओ मागायला उशीर करणं

हल्ली बऱ्याच कौन्सिलांचे आदेश नकाशावर असतात आणि वेबसाइटवर दिसतात. जुने आदेश मात्र शब्दांत: ‘अमुक रस्ता, पूर्व बाजू, तमुक चौकाच्या उत्तरेला 12 मीटरपासून 40 मीटरपर्यंत’. वाचताना खरेदीखतातल्या चतुःसीमा आठवतात, आणि भानगडीही त्याच जातीच्या. ज्या इमारतीच्या भिंतीपासून अंतर मोजलं ती कधीच पडलेली असते, फूटपाथ रुंद करताना चौकाचा कोपरा सरकलेला असतो. त्यात मूळ आदेशाला पाच-सहा दुरुस्त्या जोडलेल्या. म्हणून मागताना ‘या जागेला लागू असलेला आदेश, नंतरच्या सर्व दुरुस्त्यांसह, आणि नकाशाचा तो भाग’ असं स्पष्ट लिहा. नुसता ‘टीआरओ पाठवा’ म्हटलं तर मूळ आदेश तेवढा येतो.

माहिती अधिकाराखाली मागितलं तर उत्तराला कामाचे 20 दिवस मिळतात, आणि अर्ध्या दंडाची सवलत 14 दिवसांत संपते. त्यामुळे आधी थेट पार्किंग विभागाला ईमेल करा आणि 14 दिवसांच्या आतच हरकत नोंदवून टाका. अशी हरकत फेटाळली तरी सवलत पुन्हा द्यावी, असं सरकारी मार्गदर्शन आहे.

‘आधी भरतो, मग भांडतो’ हे मात्र चालत नाही. पैसे भरले की प्रकरण बंद.

दुहेरी रेघ म्हणजे सामानही उतरवायचं नाही असं धरून चालणं

ही उलटी चूक. दुहेरी रेघेवर सामान चढवणं-उतरवणं सहसा चालतं. फूटपाथच्या कडेच्या दगडावर आडवे पिवळे पट्टे आहेत का ते बघा. जोडपट्टे असतील तर लोडिंगला कधीच परवानगी नाही. एकेक पट्टा असेल तर शेजारच्या पांढऱ्या पाटीवरच्या वेळेत नाही. घर बदलताना सोफा उतरवत होतात आणि दंड आला, तर व्हॅनची पावती जपून ठेवा. दहा मिनिटांची सूट मात्र इथे सांगू नका. ती पार्किंगच्या जागेत परवानगीची वेळ संपल्यानंतरची आहे, पिवळ्या रेघेवरची नाही.

खांबावरची नोटीस न वाचणं

दिव्याच्या खांबाला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पांढरा कागद बांधलेला दिसतो, तो नव्या निर्बंधाचा प्रस्ताव असू शकतो. कायमच्या आदेशावर हरकतीला साधारण 21 दिवस मिळतात. प्रायोगिक आदेश आधी लागू होतो आणि पहिले 6 महिने हरकती घेतल्या जातात. तो जास्तीत जास्त 18 महिने चालतो. आदेश झाल्यावर हायकोर्टात जायला फक्त 6 आठवडे. दारासमोर रेघ आल्यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर संताप करून काही होत नाही.

व्ही-फाइव्ह-सीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) जुना पत्ता ठेवणं

भाड्याची घरं बदलणाऱ्या आपल्या कुटुंबांत हे फार. काचेवरचा दंडाचा कागद वाऱ्याने उडाला, तर पुढची ‘नोटीस टू ओनर’ गाडीच्या नोंदणीवरच्या पत्त्यावर जाते. तिला 28 दिवसांत उत्तर गेलं नाही की चार्ज सर्टिफिकेट निघतं, दंड 50 टक्के वाढतो आणि त्यानंतर वसुलीवाले. नोटीस खरंच मिळाली नसेल तर साक्षपत्र (विटनेस स्टेटमेंट) भरून प्रकरण मागे नेता येतं, पण त्यात जुना पत्ता तुम्हीच ठेवला होता हा प्रश्न येतोच. डीव्हीएलएकडे, म्हणजे गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे, पत्ता बदलायला पैसे लागत नाहीत आणि काम ऑनलाइन होतं.