सांगलीला खायला माणसं न्यायची तर

मी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होतो. निवृत्त झालो तसे पुण्या-मुंबईचे पाहुणे, त्यांचे मित्र, मित्रांचे शेजारी असे घोळके घेऊन सांगली-मिरज फिरवायला लागलो. तुम्हाला न्यायचे असतील तर न्या, फक्त माझी पहिल्या खेपेची चूक करू नका.

त्या दिवशी सकाळीच सगळ्यांना मिसळ घातली, वर भजी, वर दोनदा चहा. दुपारी मळ्यात वहिनींनी तीस भाकरी थापल्या होत्या. एकवीस बुट्टीत तशाच राहिल्या. वहिनी काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. आता सकाळी मूठभर भडंग, म्हणजे आमचे मसाल्याचे चुरमुरे, आणि अर्धा कप चहा. कुणी कुरकुरलं तर कुरकुरू दे.

बाराच्या वर माणसं घेऊ नका. एका गाडीत मावतील तेवढीच. दिवस फेब्रुवारीअखेर ते मार्चचे धरा, नवी हळद यार्डात आलेली असते. आडत्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि पांढरे कपडे घालून येऊ नका म्हणून सगळ्यांना दोनदा बजावा. तरी एक जण येतोच.

सौद्याच्या गडबडीत मधे उभं राहायचं नाही. बाजूला घेऊन प्रत्येकाच्या हातात एक हळकुंड द्या आणि मोडायला सांगा. नीट वाळलेलं असेल तर कट्‌कन वाजतं, आत गर्द नारिंगी दिसतं. ओलसर असेल तर नुसतं वाकतं. आम्ही आयुष्यभर भाव त्या आवाजावर बोललो. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन 2018 साली मिळालं, आवाज त्याच्या आधीपासूनचा.

तिथून हरिपूर. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि इथली पेवं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. हळद भरून तोंड मातीनं बंद केलं की आत हवा उरत नाही, किडा जगत नाही. म्हणूनच उघडल्या उघडल्या आत कुणी उतरत नसे. आधी कंदील सोडून बघायचे, विझला तर थांबायचं. 2005 च्या महापुरात बरीच पेवं पाण्यात गेली. इथं घाई करू नका. म्हातारं कुणी भेटलं तर त्यालाच बोलू द्या, आपण गप्प बसावं.

जेवण मळ्यातच. ज्वारीची भाकरी, कृष्णाकाठची भरली वांगी, खर्डा, दही, कांदा बुक्कीनं फोडलेला. वांगी सकाळी तोडलेली हवीत, एवढी एकच अट घाला. तिखटाला घाबरणारे असतील तर आधीच सांगा, ऐनवेळी वाटण बदलत नाही.

दुपारी मिरजेत सतारमेकर गल्ली. खाण्याच्या सहलीत सतार कशाला, असं विचारतात. सतारीचा भोपळा हातात द्या. पंढरपूर भागातून येतो, वाळवून पोकळ केलेला, कडू, खाण्याच्या कामाचा नाही. दिवसभर खाल्ल्यावर न खायची भाजी बघायला बरं वाटतं. परत येताना सांगलीचं गणपती मंदिर करा. हे देऊळ बांधणाऱ्या सांगलीच्या राजांच्या, चिंतामणराव पटवर्धनांच्याच आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ‘सीतास्वयंवर’ नाटक रंगवलं, तेवढं सांगितलं तरी पुरे. भाषण नको, लोक पेंगतात.

पुण्याकडे परतणाऱ्यांनी रात्रीचं जेवण इस्लामपूर-पेठ नाक्याच्या बाजूला घ्यावं, अख्खा मसूर आणि रोटी. पोळीबरोबर मागू नका, रस्सा पोळीला झेपत नाही.

भडंग मात्र सांगली सोडायच्या आधी, अगदी शेवटी घ्या. सकाळीच घेतलं की गाडीत पिशवी फुटते आणि संध्याकाळपर्यंत सादळतं. लसूण सालीसकट तळलेली, शेंगदाणा लालसर, ते बघून घ्या. घट्ट झाकणाचा डबा घरून आणायला सांगा, आणि तो डिकीत ठेवा. सीटखाली ठेवलात तर कऱ्हाडच्या पुढं जात नाही.