चित्रावरून गाणं ओळखताना

ग्रुपवर चित्रं टाकून गाणं ओळखायला सांगतात आणि चित्रं कळली तरी गाणं काही आठवत नाही. अशा वेळी हे करा:

१. चित्रातल्या वस्तूची सगळी मराठी नावं मोठ्यानं म्हणा. कानातला दागिना दिसला की डूल, कुडी, झुमका... आणि ‘बुगडी’ म्हणताच ‘बुगडी माझी सांडली गं’ ओठांवर येतं! मला हीच युक्ती सर्वांत जास्त उपयोगी पडते.

२. ‘रे’, ‘गं’, ‘माझी’ यांचं चित्र नसतं. ते आपण जोडायचं.

मोर दिसला तर मात्र घाई नको. शेजारी आंबा असेल तर ‘नाच रे मोरा’, केवडा असेल तर ‘केतकीच्या बनी’.