चांगला फोटो पाहावा कसा, आणि त्यातून आपला फोटो सुचावा कसा

दिवसभरात मोबाइलवर किती फोटो डोळ्यांखालून जातात याचा हिशेब कोणी ठेवत नाही. बर्फाचे डोंगर, निळे समुद्र, परदेशातल्या चकचकीत गल्ल्या. आपण 'वा' म्हणतो, अंगठा पुढे सरकतो आणि झोपायच्या वेळी त्यातला एकही आठवत नाही. उलट मनात एक रुखरुख राहते, की आपल्या गावात काढण्यासारखं आहेच काय? वावर, धुरे, ढोरं आणि ऊन.

मला हे अजिबात पटत नाही. विदर्भातल्या खेड्यात फोटोच्या विषयांची ददात नाही. कमी पडतं ते एकाच फोटोजवळ थांबून राहणं. गाजलेल्या फोटोचा विषय आपल्याला उचलता येत नाही, पण तो काढणाऱ्याने घेतलेला निर्णय उचलता येतो आणि तो कोणत्याही शिवारात चालतो. तो कसा उचलायचा, ते पुढे टप्प्याटप्प्याने सांगतो. कॅमेरा नसला तरी हरकत नाही, साधा मोबाइल पुरतो.

१. आधी पाहणं कमी करा

मोबाइलमध्ये एक वेगळा फोल्डर करा आणि त्यात दहाच्या वर फोटो ठेवू नका. नवा ठेवायचा तर जुना काढायचा. या एका नियमाने निवड कडक होते.

फोटो मिळवायचे कुठून? पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' हे संकेतस्थळ मराठीतही आहे. लोक त्याला 'पारी' म्हणतात. शेतमजूर, विणकर, गुराखी, कारागीर अशा माणसांचे फोटो तिथे मोफत पाहायला मिळतात. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत काढलेल्या, ग्रामीण बायांच्या कामावरच्या फोटोंचं प्रदर्शनही तिथेच आहे. माझ्या मते खेड्यातल्या माणसाने सुरुवात इथूनच करावी, कारण त्या फोटोंतलं काम आपल्या ओळखीचं असतं. अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'च्या संकेतस्थळावर १९३० च्या दशकातल्या मंदीचे, शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे हजारो फोटो आहेत, तेही फुकट उतरवून घेता येतात. गावात रेंजची बोंब असेल तर तालुक्याला गेल्यावर उतरवून घ्या. पाहायला नेट लागत नाही.

२. एका फोटोसमोर कागद घेऊन बसा

बाकीचं सगळं या पायरीवर उभं आहे, म्हणून इथे जरा जास्त थांबतो.

अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचा १९३६ चा एक फोटो 'मायग्रंट मदर' या नावाने जगभर ओळखला जातो. कॅलिफोर्नियात निपोमो नावाच्या ठिकाणी वाटाणा तोडायला आलेल्या मजुरांचा तळ होता. गारठ्याने पीक गेलं, काम बुडालं आणि माणसं तिथेच अडकून पडली. ही गोष्ट आपल्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता फोटो उघडा आणि दिसेल ते कागदावर उतरवा. फक्त दिसेल तेच, 'दुःख' किंवा 'गरिबी' असले शब्द नकोत. मधोमध एक बाई. उजव्या हाताची बोटं गालाशी. कपाळावर आठ्या. नजर कॅमेऱ्याकडे नाही, कुठेतरी बाजूला. दोन्ही खांद्यांना टेकलेली दोन लेकरं, दोघांचीही तोंडं आपल्याकडून फिरवलेली. मांडीवर गुंडाळलेलं तान्हं. बाहीची कडा फाटलेली. मागे तंबूचं कापड, त्यापलीकडे काही नाही.

यादी झाली की विचारा, काय दिसत नाही? लेकरांचे चेहरे दिसत नाहीत. ते दिसले असते तर आपली नजर तीन चेहऱ्यांत वाटली गेली असती. आकाश नाही, रान नाही, तळावरची बाकीची माणसं नाहीत. लँग यांनी त्या कुटुंबाचे अनेक फोटो घेतले होते. काहींत तंबू आणि आजूबाजूची जागा दिसते. मग त्या जवळ जवळ गेल्या आणि एकेक गोष्ट चौकटीबाहेर पडत गेली. तो फोटो आणि त्याच्या आधीचे फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहा. पुस्तकं वाचून जे कळायला वेळ लागेल, ते तिथे डोळ्यांना दिसतं.

एका फोटोला पंधरा-वीस मिनिटं द्या. पहिल्या दोन मिनिटांत वाटेल, संपलं पाहून. खरं पाहणं त्यानंतर सुरू होतं.

३. त्यातला एकच निर्णय निवडा

उजेड कुठून येतोय? कॅमेरा किती उंचीवर आहे? काय बाहेर ठेवलंय? नेमका हाच क्षण का? या चार प्रश्नांतून प्रत्येक फोटोमागचा एखादा तरी निर्णय हाताला लागतो. तो एका ओळीत लिहा. उदाहरणार्थ, 'चेहरा एकच ठेवला, बाकीचे फिरवले.' किंवा 'कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर.'

आणि ती एकच ओळ घेऊन घराबाहेर पडा. दोन घेऊन निघालात की दोन्ही हातच्या जातात.

समजा, कॅमेऱ्याच्या उंचीची ओळ घेतली. गोंदिया-भंडाऱ्याकडे आषाढात धानाची रोवणी चालू असते. बाया बांधीत दिवसभर वाकलेल्या, आणि फोटो काढणारा धुऱ्यावर उभा. अशा फोटोत पाठी येतात आणि डोक्यावर घेतलेली प्लास्टिकं येतात. माणूस येत नाही. तुम्ही धुऱ्यावरच उकिडवे बसा, मोबाइल पाण्यापासून वीतभर वर धरा. वाकलेल्या बाईचा चेहरा दिसू लागतो, चिखलात शिरणारी बोटं दिसतात आणि पाण्यात आभाळही येतं. जागा तीच, बाया त्याच, फक्त फोटो काढणारा खाली आला.

उजेडाची ओळ घ्यायची असेल तर कापूस वेचणीसारखी शाळा नाही. दव ओसरल्यावर बाया कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीत शिरतात, तेव्हा ऊन अजून तिरपं असतं. पांढरं बोंड उन्हात आणि पदराखालचा चेहरा सावलीत, दोन्ही एकाच वेळी नीट येत नाहीत. मोबाइलच्या पडद्यावर बोंडावर बोट ठेवलंत तर कापसाचा धागा न् धागा दिसेल आणि चेहरा काळवंडेल. चेहऱ्यावर ठेवलंत तर कापूस नुसता पांढरा डाग होईल. कशावर बोट ठेवायचं, हे मोबाइल ठरवत नाही, तुम्ही ठरवता. मी चेहरा सोडून हातांवर जातो. सुकलेल्या बोंडाची टोकं लागून नखांच्या कडा चिरलेल्या असतात, आणि त्या बोटांमधून कापूस अलगद निघतो. त्या हातांत सगळा हंगाम दिसतो.

जाता जाता एक: लेन्स आधी पुसा. शेतातल्या धुळीने आणि हाताच्या तेलकटपणाने निम्मे फोटो धुरकट येतात. आणि बोटांनी चित्र मोठं करून काढण्यापेक्षा चार पावलं पुढे जा.

४. चौकटीला चौकट शोधा

हा एक निर्णय मुद्दाम वेगळा काढला, कारण तो आपल्याकडे लगेच जमतो. रघुवीर सिंग हे रंगीत छायाचित्रणातले भारताचे मोठे नाव. १९४२ मध्ये जयपूरला जन्मले, १९९९ मध्ये गेले. त्यांनी अँबेसेडर गाडीतून देशभर फिरत फोटो काढले, आणि गाडीचं दार, काच, आरसा हे सगळं फोटोतच येऊ दिलं. एकाच फोटोत खिडकीतला रस्ता वेगळा आणि आरशातला वेगळा.

आपल्याकडे अँबेसेडर नसेल, एसटीची खिडकी आहे. ट्रॅक्टरचा आरसा आहे, गोठ्याचं दार आहे, बंडीच्या चाकाच्या आऱ्या आहेत, बाजारातल्या पालाच्या दोन काठ्या आहेत. आठवडी बाजारात एका पालामागे उभे राहा आणि काठ्यांमधून कोण जातं ते बघत राहा. माणसांच्या मागे धावू नका, ती चौकटीत येतात.

५. स्वतःवर अटी घाला

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात याचा दाखला आहे. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. त्यांचे नातू लागणारे कनू गांधी आश्रमातच काम करत, आणि त्यांना फोटोचा नाद होता. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांनी कॅमेरा घेतला. गांधीजींनी फोटो काढू दिले, पण तीन अटींवर: फ्लॅश मारायचा नाही, 'असे उभे राहा, असे बघा' म्हणायचं नाही, आणि आश्रमाचे पैसे फोटोवर खर्चायचे नाहीत.

या अटींचा अर्थ जरा उकलून पाहा. फ्लॅश नाही, म्हणजे मातीच्या भिंतींच्या खोलीत दारा-खिडकीतून येईल तेवढ्याच उजेडावर काम. उभं राहायला सांगायचं नाही, म्हणजे वाट पाहणं आलं. पैसे नाहीत, म्हणजे फिल्म जपून वापरणं आलं. जगातल्या सर्वाधिक फोटो निघालेल्या माणसांपैकी एकाचे घरगुती, बेसावध क्षण टिपले गेले, त्यात या अटींचा मोठा वाटा आहे असं मी मानतो. सेवाग्रामला गेलात तर बापूकुटीत थोडा वेळ नुसते बसा आणि उजेड कुठून आत येतो ते पाहा.

आपण तीन अटी अशा घालू शकतो: फ्लॅश बंद, कोणाला पोझ द्यायला लावायचं नाही, आणि एका फेरीत बाराच फोटो. बाराव्यानंतर मोबाइल खिशात. गोठ्यात पहाटे धार काढताना किंवा चुलीजवळ भाकरी थापताना हे करून बघा. पूर्व विदर्भात दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, रात्र रात्र चालतात. तिथे पाठ रंगमंचाकडे करा. मंचावरचा उजेड पहिल्या रांगांत बसलेल्यांच्या तोंडावर पडतो. ते चेहरे कोणी काढत नाही.

६. एकाच जागी परत परत जा

एक जागा धरा. पांदण, गावतळं, बसथांबा, काहीही. वर्षभर तिथेच जा. माघ-फाल्गुनात पळस पेटलेला असतो, मे महिन्यात तोच माळ पांढरा फटक पडतो. मे अखेरीस नागपूरच्या अक्षांशावर भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पायातच जाते. दुपारचं ऊन फोटोला वाईट असं सगळे सांगतात, पण बिनसावलीची वस्ती कशी दिसते हे पाहायला दुसरी वेळ नाही. डोक्याला दुपट्टा बांधा, पाणी सोबत ठेवा आणि पटकन परत या, कारण ते ऊन जिवावर बेततं.

२०२० च्या जूनमध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. त्या दिवसांत अनेकांनी फोटो काढले. पण ज्याच्याकडे त्याच काठावरून, त्याच जागी उभं राहून काढलेले आधीचे फोटो होते, त्याचाच गुलाबी रंग पुरता बोलका झाला.

७. माणसाला विचारा, नाव लिहून घ्या

लँग यांनी त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहिलं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव १९७८ मध्ये लोकांसमोर आलं, आणि तो फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, त्यातून आपल्याला काही मिळालं नाही, असं ती म्हणाली. इतक्या थोर फोटोला लागलेलं हे गालबोट आहे. आपण ते टाळू शकतो.

गावात विचारणं सोपं आहे. "काकू, एक फोटो काढू का?" एवढं पुरतं. "काहून जी? काय करता त्याचं?" असा उलट प्रश्न येईलच, त्याला खरं उत्तर द्या. काढला की लगेच दाखवा. नको म्हटलं तर विषय तिथेच संपवा. न्हाणी, दवाखाना, मयतीचं घर इथे मोबाइल बाहेर काढूच नका. लहान मुलांचे फोटो असतील तर आई-बापाला विचारल्याशिवाय कुठे टाकू नका.

८. छापा आणि देऊन या

पोळ्याला ज्यांच्या बैलजोडीचा फोटो काढला, त्यांना तो मोबाइलवर पाठवून भागवू नका. तालुक्याच्या फोटो स्टुडिओत चार बाय सहा इंचाची प्रत थोडक्या पैशांत निघते. मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि तारीख लिहा. शाईचा पेन ओलीने पसरतो. एक प्रत त्यांना, एक तुमच्या वहीत. वहीत शेजारच्या पानावर त्या दिवशी घेऊन निघालेली ती एक ओळ लिहा, म्हणजे ओळ आणि फोटो यांचं जमलं की नाही ते दिसेल.

छापायला देताना व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, तो दाबला जातो आणि बारकावे जातात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर केबलने थेट स्टुडिओच्या संगणकावर टाका. आणि स्टुडिओवाल्याला आधीच सांगून ठेवा, की चेहरा गोरा करायचा नाही आणि मागचं काही पुसायचं नाही.