रेघ सरळ आली म्हणून खुश होऊ नका: अमायलेजच्या प्रॅक्टिकलमधल्या चुका

दरवर्षी लाळेतल्या अमायलेजचं (स्टार्च तोडून साखर करणारं एन्झाइम) प्रॅक्टिकल लागतं आणि दरवर्षी कोणीतरी ग्राफ पेपर नाचवत येतं, "सर, रेघ एकदम सरळ आलीये!" अरे पण ती सरळ यायलाच नको ना. स्टार्च वाढवत गेलं की वेग आधी झपाट्याने वाढणार, मग हळूहळू, आणि शेवटी ग्राफ आडवा पडणार (हेच सॅच्युरेशन), कारण एन्झाइम तेवढंच आहे.

एका बॅचमधल्या पोराचा आर स्क्वेअर (रेघ किती सरळ ते सांगणारा आकडा, १ म्हणजे एकदम सरळ) ०.९९८ आला होता. मी विचारलं, बाबा सॅच्युरेशन कुठंय? म्हणे, स्टार्च अजून वाढवतो. वाढवलं, रेघ तशीच वर. मग त्याच्या पहिल्या नळीसारखीच एक नळी परत लावायला सांगितली, त्याचीच लाळ, त्याचाच वेळ, आणि डीएनएसए (एन्झाइम थांबवून तयार झालेली साखर रंगाने दाखवणारं रसायन) न घालता त्यातला एक थेंब टाइलवर आयोडिनमध्ये टाकला. निळा व्हायला पाहिजे होता, राहिला नुसता पिवळट. स्टार्च केव्हाच संपलेलं! चौकशी केली तर लाळ ५० पट पातळ करायची ती ह्याने ५ पट केलेली आणि नळ्या २० मिनिटं वॉटर बाथमध्ये ठेवून साहेब चहाला गेलेले. एन्झाइमने ताटात होतं नव्हतं ते सगळं खाल्लं, मग डीएनएसएने मोजलं काय, तर ताटात किती वाढलं होतं ते. म्हणजे तो ग्राफ पोराच्या पिपेटिंगचा होता, आणि पिपेटिंग मात्र झकास होतं.

मी काय करतो, आधी सगळ्यात कमी स्टार्चच्या चार नळ्या लावतो (तेच आधी संपतं म्हणून) आणि १, २, ३ आणि ५ मिनिटांनी डीएनएसए घालून बघतो. रंग जोवर वेळेच्या प्रमाणात वाढतोय तेवढाच वेळ वापरायचा, साधारण १० टक्क्यांच्या वर स्टार्च संपू द्यायचं नाही. ह्यात अर्धा तास जातो आणि त्यावरूनच सगळी तोंडं वाकडी होतात. १९१३ मध्ये मायकेलिस आणि मेंटेनबाईंनी इन्व्हर्टेज आणि साखरेवर काम केलं तेव्हा सुरुवातीचाच वेग धरला आणि पीएच बफरने सांभाळला, त्यांना नसेल का घाई?

दुसरी डोकेदुखी म्हणजे लाइनविव्हर-बर्क, म्हणजे वेग आणि स्टार्च दोन्हींचे उलटे आकडे (१ भागिले ते) घेऊन काढलेला ग्राफ. १९३४ ची युक्ती, पट्टीने रेघ मारता येते म्हणून पोरांची लाडकी. पण उलटा आकडा घेतला की काय होतं बघा. जास्त स्टार्चच्या नळीत वेग ०.५० च्या जागी ०.४९ आला तर २ चं २.०४ होतं, कमी स्टार्चच्या नळीत ०.०२ च्या जागी ०.०१ आलं तर ५० चं थेट १००! म्हणजे सगळ्यात भिकार रीडिंग अख्खी रेघ ओढून नेतं. एकीचा केएम (जेवढ्या स्टार्चला वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो तो आकडा) मायनसमध्ये आला, तर तिने तो जर्नलमध्ये लिहून वर चौकटही काढली. आधी साधा वक्र हाताने काढा, डोळ्यांनी बघा, मग कॉम्प्युटरवर त्या वक्रालाच फिट करा, उलटा ग्राफ परीक्षेपुरता ठेवा.

सगळ्यात मोठं रीडिंग म्हणजे व्हीमॅक्स (एन्झाइमचा कमाल वेग), असं लिहू नका. केएमच्या ५ पट स्टार्च घेतलं तरी तुम्ही जेमतेम ८३ टक्क्यांवर असता आणि १० पट घेतलं तरी ९१ वर. खाली केएमच्या पाचव्या भागापर्यंत तरी उतरा, नाहीतर सगळे पॉइंट माळावर पसरल्यासारखे सपाट.

स्टार्चचा केएम मिलिमोलरमध्ये लिहू नका, मिलिग्रॅम प्रति मिली लिहा. १ टक्का स्टार्च १ मिली घेऊन एकूण २ मिली केलं तर ते अर्धा टक्का झालं, ग्राफवर अर्धाच टाका. ब्लँक (शून्य धरायची नळी) प्रत्येक स्टार्चचा वेगळा, आणि त्यात आधी डीएनएसए, मग लाळ. आणि लाळ एकाचीच घ्या रे, निम्म्या नळ्यांत स्वतःची आणि संपली म्हणून उरलेल्यांत पार्टनरची, हे पण बघून झालंय माझं.